कुमार विजेता ते जगज्जेता : पाच वर्षांचे अंतर

जुलै १९९८. विम्बल्डनच्या कुमार गटातील अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या रॉजर फेडररने जॉर्जियाच्या इराक्ली लाबाझेला ६-४, ६-४ असे हरवले. फेडररला सतरावे वर्ष पुरे व्हायला अजून महिना होता. त्याच महिन्यात तो आपल्याच देशातील ग्स्टाड या गावी व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत पहिल्यांदा मुख्य फेरीत उतरला आणि अर्जेंटिनाच्या लुकास अर्नोल्डकडून पहिल्याच सामन्यात ४-६, ४-६ असा हरला. मोठ्यांचे विम्बल्डन त्याने जिंकले ते जुलै २००३ मध्ये. मैदान तेच, मधे गेली ती पाच वर्षे.

त्या वर्षअखेरीस फेडरर कुमारांमध्ये जगात पहिला होता. मोठ्यांच्या क्रमवारीत मात्र तो तीनशेच्या आसपास होता. एकाच मुलाला दोन मोजपट्ट्या इतकी वेगळी मापे कशी देतात? हा प्रश्न फक्त टेनिसचा नाही. मुलांच्या स्पर्धांचे आणि परीक्षांचे निकाल पाहून ‘याच्यात गुण आहेत’, ‘त्याच्यात नाहीत’ असे ठरवणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे. म्हणून थोडे गणित करून पाहू या.

सर्व्हिसची भूमिती

सर्व्हिस करणारा खेळाडू मैदानाच्या मागच्या रेषेवर उभा असतो. तेथून जाळी ११.८९ मीटरवर असते, आणि जाळीपलीकडची सर्व्हिसची रेषा १८.२९ मीटरवर. चेंडू जाळीवरून जाऊन या रेषेच्या आत पडला पाहिजे. जाळीची उंची मध्यभागी ०.९१ मीटर असते. समजा, चेंडू एक बिंदू आहे आणि तो अगदी सरळ रेषेत जातो. मग दोन समरूप त्रिकोण मिळतात. जाळीपासून सर्व्हिसच्या रेषेपर्यंतचे अंतर ६.४० मीटर. तेव्हा चेंडू किमान किती उंचीवरून मारावा लागेल? ०.९१ ला १८.२९ ने गुणून ६.४० ने भागा. उत्तर येते २.६ मीटर.

प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षणामुळे चेंडूचा मार्ग वाकतो आणि काम थोडे सोपे होते. हवेचा अडथळा व चेंडूची फिरकी बाजूला ठेवून ताशी १८० किलोमीटर वेग धरला, तर ही किमान उंची सुमारे २.२ मीटर येते. ताशी १०० किलोमीटर वेगाला १.२ मीटरसुद्धा पुरते. म्हणजे वेग वाढवावा तसे गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य कमी होते आणि खेळाडूची उंची महत्त्वाची ठरू लागते.

आता तेरा वर्षांचे दोन मुलगे घ्या. एकाची उंची १५० सेंटीमीटर, दुसऱ्याची १६५. या वयात काही मुलांची उंची भराभर वाढून गेलेली असते, काहींची वाढ अजून सुरूही झालेली नसते; असा फरक कुठल्याही आठवीच्या वर्गात दिसतो. हात वर करून, रॅकेट धरून पहिला मुलगा सुमारे २.३ मीटरवर चेंडू मारू शकेल, दुसरा २.५ मीटरवर. या वीस सेंटीमीटरांमुळे जाळीवर मिळणारी जास्तीची जागा किती? त्याच त्रिकोणांवरून ती सुमारे ७ सेंटीमीटर येते, म्हणजे जवळपास टेनिसच्या एका चेंडूच्या व्यासाएवढी.

एका चेंडूएवढी जागा! एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. येथेच टेनिसच्या गुणपद्धतीचा संबंध येतो.

लहान फरक मोठा कसा होतो?

टेनिसमध्ये गुणांचा गेम होतो, गेमचा सेट आणि सेटचा सामना. समजा, उंच मुलगा प्रत्येक १०० गुणांपैकी ५५ जिंकतो आणि दुसरा ४५. संभाव्यतेच्या नियमांनी हिशेब केला तर उंच मुलगा १०० पैकी सुमारे ६२ गेम जिंकेल, ८१ ते ८२ सेट जिंकेल आणि तीन सेटचे सुमारे ९१ सामने जिंकेल. ५५ विरुद्ध ४५ हा फरक सामन्यांच्या निकालात ९१ विरुद्ध ९ होऊन बाहेर पडतो.

थोडक्यात, टेनिसचा सामना हे फरक मोठे करून दाखवणारे भिंग आहे. या भिंगाला फरक दिसतो. पण तो कशामुळे पडला, हे मात्र दिसत नाही. तो कौशल्याचा असेल, सरावाचा असेल किंवा नुसता लवकर वाढलेल्या हाडांचा असेल. निकालपत्रकावर तिन्ही सारखेच.

जन्मतारखेचा खेळ

फरकाचे आणखी एक साधे कारण आहे. कुमार गट जन्मवर्षावरून ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, तरी पहिला जवळजवळ वर्षाने मोठा असतो. १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आड डुडिंक यांनी नेदरलँड्समधील कुमार टेनिसपटूंच्या जन्मतारखा तपासून दाखवले, की त्यांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त होती. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंबद्दलही असेच आढळले होते.

यातून एक चक्र सुरू होते. थोडा मोठा मुलगा जिंकतो. तो जिंकतो म्हणून त्याची निवड होते. निवड झाली म्हणून चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात. मग तो खरोखरच चांगला खेळू लागतो. दुसरा मुलगा एव्हाना घरी बसलेला असतो. निवड बरोबर होती, असे शेवटी सर्वांनाच वाटते, कारण न निवडलेल्याचे काय झाले असते हे पाहायची सोय नसते.

मोठ्यांच्या जगात

अठराव्या-विसाव्या वर्षी सर्वांची वाढ पूर्ण होत येते आणि वाढीमुळे मिळालेला लाभ संपतो. समोर येतात ते पंचवीस-तीस वर्षांचे, अनुभवी, पोटापाण्यासाठी खेळणारे खेळाडू. वेळही कमी मिळतो. मैदान सुमारे २४ मीटर लांब. ताशी १५० किलोमीटर वेगाची सर्व्हिस हे अंतर ०.५८ सेकंदात कापेल, २०० वेगाची ०.४३ सेकंदात. (हवेमुळे आणि टप्प्यामुळे वेग कमी होतो, म्हणून खरा वेळ थोडा जास्त असतो.) डोळ्याने पाहून हालचाल सुरू करायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. उरलेला वेळ ०.३८ वरून ०.२३ सेकंदावर येतो. म्हणून मुरलेला खेळाडू चेंडू निघण्यापूर्वीच समोरच्याच्या खांद्यावरून, चेंडू वर फेकण्यावरून अंदाज बांधतो. हे वाचन वर्षानुवर्षे खेळूनच येते.

आता तेच भिंग उलट्या बाजूने काम करते. १०० पैकी ४५ गुण जिंकणारा नवखा खेळाडू जवळजवळ प्रत्येक सामना हरतो. चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी एखादी जिंकण्यापूर्वी फेडरर त्यांत १६ वेळा खेळला आणि ६ वेळा पहिल्याच फेरीत बाद झाला. २००१ मध्ये त्याने विम्बल्डनला पीट सॅम्प्रसला हरवले. पुढच्याच वर्षी तेथेच तो पहिल्या फेरीत गेला. पण त्याची वर्षअखेरची क्रमवारी पाहा. १९९९ : ६४, २००० : २९, २००१ : १३, २००२ : ६, २००३ : २, २००४ : १. दरवर्षी आकडा निम्म्याने किंवा त्याहून अधिक खाली आला आहे. प्रत्येक सामन्याचा निकाल वेगळे सांगत होता, पण वाढ थांबलेली नव्हती.

या काळात त्याच्यामागे माणसेही होती. चौदाव्या वर्षी तो घर सोडून एक्युब्लांस येथील राष्ट्रीय केंद्रात गेला. तेथे भाषा फ्रेंच होती आणि त्याला ती येत नव्हती. लहानपणी तो हरला की रॅकेट फेकायचा. पीटर कार्टर, पीटर लुंडग्रेन हे प्रशिक्षक आणि २००० पासून शरीरस्वास्थ्य पाहणारे पिएर पागानिनी यांनी त्याला हरण्याच्या वर्षांत सांभाळून घेतले. पुढे त्याने २० ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली आणि २०२२ मध्ये तो निवृत्त झाला.

एका उदाहरणावरून नियम नको

फेडरर यशस्वी झाला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याने हरवलेला लाबाझे मोठ्यांमध्ये ४२ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. आपला लिअँडर पेस १९९० चा विम्बल्डन कुमार विजेता. एकेरीत त्याने १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, पण क्रमवारीत तो पहिल्या सत्तरांत कधी आला नाही. दुहेरीत मात्र १९९९ मध्ये जगात पहिला झाला. उलट इटलीचा यानिक सिनर तेरा वर्षांचा होईपर्यंत बर्फावरच्या स्कीइंगमध्येही रमलेला होता. कुमारांच्या क्रमवारीत तो पहिल्या शंभरांत नव्हता. जून २०२४ मध्ये तो मोठ्यांमध्ये पहिला झाला.

म्हणजे कुमार गटातील यश खोटे नसते. ते आज काय आहे ते सांगते. उद्या काय होईल ते सांगायचे काम आपण त्याच्यावर लादतो.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेच्या संघांतील मुलांच्या जन्मतारखा महिन्यानुसार मांडा आणि संपूर्ण शाळेच्या जन्मतारखांशी ताडून पाहा. फेडररच्या क्रमवारीचा आलेख मुलांना काढायला सांगा. आणि पुढच्या निवडीच्या वेळी यादीबाहेर राहिलेल्या मुलांकडे पुन्हा एकदा पाहा. त्यांच्यातला एखादा कदाचित फक्त डिसेंबरमध्ये जन्मलेला असेल. त्याला आणखी एक वर्ष मैदानावर येऊ द्यायला फारसा खर्च येत नाही.