पुण्यात वाढलेल्या डासाच्या पेशी

पुण्याहून आलेल्या आपल्या वाचकांना लाल देवळाचा रस्ता सांगावयास नको. त्याच आंबेडकर रस्त्यावर १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी स्थापिलेले विषाणू संशोधन केंद्र आहे. १९७८ पासून त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात. तेथे १९६७ साली जे काम झाले, त्याचा उपयोग आज जगभरच्या प्रयोगशाळांना होतो. परंतु आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल.

विषाणू स्वतः वाढू शकत नाही; त्यास जिवंत पेशी लागते. त्यामुळे डासांनी पसरविलेला विषाणू शोधावयाचा म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांच्या मेंदूत तो टोचून दिवस दिवस वाट पाहावी लागे. डासाच्याच पेशी बाटलीत वाढविता आल्या तर? १९६२ साली ऑस्ट्रेलियात ग्रेस यांनी पतंगाच्या पेशींचा अखंड वाढणारा वंश तयार केला. १९६६ साली त्यांनी डासाच्या पेशीही वाढविल्या, पण पुढे तपासाअंती त्या पतंगाच्याच निघाल्या! या कामात एका बाटलीतील थेंब दुसरीत जाणे किती महाग पडते, ते यावरून समजावे.

पुण्यात के. आर. पी. सिंग यांनी अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या घेतल्या. अळी ही साचलेल्या पाण्यातली. तिच्याबरोबर एक जंतू आत गेला तरी सारी बाटली नासते. म्हणून प्रथम निर्जंतुकीकरण, मग बारीक तुकडे, आणि मग तुडतुड्यांच्या पेशींसाठी बनविलेले पोषक द्रव व वासराच्या गर्भाचे रक्तद्रव्य. एडिस इजिप्ती व एडिस आल्बोपिक्टस या दोन्ही डासांच्या पेशी टिकल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढू लागल्या. त्यांना ऊबही बेताचीच लागते. २८ अंश पुरेत.

१९७८ साली जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी सिंग यांच्या आल्बोपिक्टस पेशींतून डेंग्यू व चिकुनगुनिया यांस सहज बळी पडणारा एक उपवंश निवडला. तोच ‘सी-६/३६’. हे नाव सर्वत्र चालते, सिंग यांचे मात्र क्वचितच घेतले जाते. हे मला बरे वाटत नाही. विषाणू यांत इतका का फोफावतो, हे २०१० साली उमगले: डासाची विषाणूविरुद्धची एक स्वाभाविक संरक्षणयंत्रणा या पेशींत अधू आहे. म्हणून विषाणू वाढविण्यास त्या उत्तम, परंतु खरा डास विषाणूशी कसा झुंजतो, हे त्यांवरून ठरविता येत नाही.

येथे इस्रायलमध्ये हा विषय दूरचा नाही. १९३७ साली युगांडात सापडलेल्या वेस्ट नाईल विषाणूच्या साथी १९५० नंतरच्या दशकात येथे आल्या. २००० साली चारशेहून अधिक रुग्ण झाले. २०२४च्या उन्हाळ्यात तो पुन्हा पसरला. तो पक्ष्यांत राहतो आणि क्युलेक्स डास तो माणसांपर्यंत आणतात. आता विषाणूचे अंश थेट ओळखणाऱ्या चाचण्या आहेत; तरी जिवंत विषाणू अभ्यासास हवा असेल तर पेशी लागतातच, आणि वेस्ट नाईल सी-६/३६मध्येही वाढतो.

ज्या डासाच्या अळीपासून ही सारी पेशींची वंशावळ निघाली, तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा आल्बोपिक्टसही २००२ साली या देशात आढळला. इव्रीत त्यास वाघ-डास म्हणतात. तो दिवसा चावतो, आणि अंडी घालण्यास त्याला कुंडीखालच्या बशीतले पाणीही पुरते.