पथ्याच्या पानाची डावी बाजू

मैत्रिणींनो, 'मीठ कमी करा' एवढं सांगून डॉक्टर मोकळे होतात. पुढचं सारं आपल्यालाच निभवायचं असतं. घरात रक्तदाबाचं दुखणं निघालं की पहिल्या दिवशी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते, दुसऱ्या दिवशी पापड बंद, तिसऱ्या दिवशी चटणी. आठवड्याभरात त्या माणसाच्या पानाची डावी बाजू ओस पडते. उरते ती फक्त लिंबाची फोड. मग ते माणूस "भूक नाही" म्हणू लागतं. भूक असते हो, पण घास घ्यावासा वाटत नाही.

माझ्या सासूबाईंचं असंच झालं. ज्यांच्या हातचं लोणचं सगळी आळी मागून नेत असे, त्या आमच्या आधीच एकट्या जेवून घेऊ लागल्या. "तुमची पानं बघायला नकोत," म्हणाल्या. दोन महिन्यांत अंगानं उतरल्या. तेव्हा मी शाळेच्या सुट्टीत ठरवून एकच काम केलं. पानाची डावी बाजू आणि वरची तुपाची धार, या दोन गोष्टी घरी, बिनमिठाच्या करायला घेतल्या. बाकीचा स्वयंपाक त्यामागून आपोआप सुधारला.

आधी हिशेब समजून घेऊ या. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळं धरून. रक्तदाबाच्या रुग्णाला किती चालेल ते त्याच्या डॉक्टरांकडून चमच्याच्या मापात विचारून घ्या. 'थोडं' या शब्दावर घरी परत येऊ नका. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असतंच, म्हणून ढोकळा, पापड, खारी, बिस्किटं हिशेबात धरा. सैंधव म्हणजे पथ्याचं मीठ असा पुष्कळ जणींचा समज आहे. तेही शेवटी मीठच. आणि 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते घातक ठरू शकतं. विचारल्याशिवाय आणू नका.

आता तूप-लोणी. पावाला लावायचं विकतचं पिवळं लोणी बहुधा खारट असतं. घरचं पांढरं लोणी मात्र मिठाशिवायचं. साय आठवडाभर फ्रिजमध्ये साठवा, मग कोमट करून विरजण लावा. दुसऱ्या दिवशी थंडगार पाणी घालून घुसळा. लोण्याचा गोळा वर आला की दोन-तीन पाण्यांतून धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवा. तडतड थांबली आणि तळाची बेरी बदामी झाली की लगेच उतरवा. रवाळ व्हावं म्हणून काही घरी तुपात चिमूटभर मीठ टाकायची पद्धत आहे. मीठ तुपात विरघळत नाही, ते बेरीत राहतं. तेव्हा पथ्याच्या माणसाला ती बेरी देऊ नका, किंवा मिठाऐवजी विड्याचं पान टाका. निघालेलं ताक तर सोनंच. त्यात आलं, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की मिठाची आठवण कमी होते.

तूप घरचं म्हणून सढळ हातानं वाढायचं मात्र नाही हं. चरबी ती चरबीच. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनं 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी रोजच्या फोडणीला ते नकोच. माझी रीत अशी, की भाजी कमी तेलात करते आणि वाट्याचं चमचाभर तूप वरून घालते. वास आधी नाकाला लागतो, त्यामुळे थोडंही पुष्कळ वाटतं. लसणीचं तेल हवं असेल तर त्या त्या वेळी ताजी फोडणी करा. लसूण घातलेलं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. त्यात विषारी जंतू वाढू शकतात.

चटण्यांत खरी गंमत आहे. मीठ काढलं की त्याची जागा आंबट, खमंग आणि कडवट अशा तिघांनी मिळून भरायची. जवस एक वाटी तडतडेपर्यंत भाजा. आठ लसूणपाकळ्या कोरड्या भाजा, दोन चमचे जिरं, बेताचं तिखट आणि चमचाभर आमचूर घालून कुटा. कारळ्यांना याच रीतीनं कढीलिंबाची कुरकुरीत पानं द्या. आंबटासाठी लिंबू, कैरी, आमचूर ही बरी. साठवणीची चिंच मीठ लावून ठेवलेली असते, आमसुलांना आणि आगळालाही मीठ असतं, हे पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. जवसाची चटणी थोडी थोडी करा. जास्त दिवस राहिली की खवट होते.

मेतकूट तर जणू पथ्यासाठीच जन्मलं. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडदाची डाळ, दोन चमचे गहू, दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, अर्धा चमचा मेथ्या, सारं वेगवेगळं भाजून दळायचं. मग हळद, हिंग, सुंठ आणि जायफळ. मऊ भात, मेतकूट आणि तुपाचा थेंब! सासूबाई त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागून जेवल्या.

लोणच्याबद्दल स्पष्टच सांगते. वर्षभराचं लोणचं मिठाच्या जोरावर टिकतं, त्यात मीठ कमी केलं तर ते नासणार. म्हणून बिनमिठाचं लोणचं तीन दिवसांचंच करावं. कैरीच्या किंवा गाजराच्या बारीक फोडी, लिंबाचा रस, थंड केलेली फोडणी आणि फेसलेली मोहरी. मोहरी पाण्यात वाटून इतकी फेसा, की नाकात झणका गेला पाहिजे. त्या झणक्यानं जिभेला मिठाचा विसर पडतो. काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि चौथ्या दिवशी उरलं तर टाकून द्या, जीव तुटला तरी.

तयार मसाल्यांची पाकिटं उलटी करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिल्या तिनांत मीठ दिसलं तर पाकीट दुकानातच ठेवा. चाट मसाला तर पाहायलाच नको. घरच्या गोड्या मसाल्यात मीठ लागतच नाही.

एक युक्ती मात्र अवश्य करून पाहा. आमटी-भाजी मिठावाचून शिजवते, पथ्याचं पान आधी वाढते आणि मग बाकीच्यांच्या भांड्यात मीठ घालते. सासूबाईंचं दिवसाचं मीठ सकाळीच मापून एका चांदीच्या डबीत घालून त्यांच्या हाती देते. ते कशावर घालायचं, सकाळी का रात्री, ते त्यांनी ठरवायचं. शिजताना घातलेल्यापेक्षा वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला जास्त जाणवतं. डबी हाती आल्यापासून फळीवरची बरणी कुणी चोरून उघडल्याचं दिसलं नाही. काही आठवड्यांनी तर त्या माझ्या हातची शाळेच्या डब्याची भाजी चाखून म्हणाल्या, "अगं, केवढी खारट!" जीभ अशी हळूहळू वळते; सुरुवातीचे दिवस तेवढे जपायचे.

आता बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला विसरू नका. आमच्याकडे निळी चिठ्ठी बिनमिठाची, लाल चिठ्ठी इतरांची. लग्नाकार्याला जाताना निळ्या चिठ्ठीची मेतकुटाची डबी आणि जवसाची चटणी सासूबाईंच्या पिशवीत असते. पंगतीत बसल्या की पानाच्या डाव्या बाजूला त्या स्वतःच वाढून घेतात, आणि शेजारणीलाही चमचाभर देतात.