इवल्या भागांचे साहित्य

कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी शिडाची गलबते ये-जा करीत. अशा एखाद्या गलबताची लहान प्रतिकृती करावयाची आहे असे समजू. खरे गलबत १५ मीटर लांबीचे आहे आणि प्रतिकृतीचे प्रमाण ५० स एक असे ठरले आहे. म्हणजे मूळ वस्तूतील ५० सेंटीमीटरांसाठी प्रतिकृतीत एक सेंटीमीटर. या हिशेबाने गलबत ३० सेंटीमीटरांचे होईल. सुकाणू धरून उभा असलेला तांडेल १६५ सेंटीमीटर उंचीचा असेल, तर तो ३.३ सेंटीमीटरांचा करावा लागेल. त्याचे दीड सेंटीमीटर जाडीचे बोट मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही बारीक होईल!

खरी अडचण येथेच सुरू होते. आकार लहान झाला, तरी साहित्याचा गुणधर्म बदलत नाही. जी माती मोठ्या मूर्तीत मजबूत वाटते, तीच काडीएवढ्या हातात ठिसूळ ठरते. म्हणून कुशल कारागीर काम आरंभण्यापूर्वी प्रत्येक भागाविषयी तीन प्रश्न विचारतो. हा भाग किती बारीक आहे? त्यावर ताण पडणार आहे काय? त्यावर कोरीव काम किती करावयाचे आहे?

प्रथम शाडूची माती पाहू. ती स्वस्त आहे, मऊ आहे आणि बोटांच्या इशाऱ्यासरशी आकार घेते. परंतु तिच्या कणांमधील पाणी वाळू लागले, की कण एकमेकांजवळ सरकतात व माती आकसते. समजा, ती शंभरास सहा या प्रमाणात आकसली, तर आपला तांडेल ३.१ सेंटीमीटरांचाच उरेल. प्रत्यक्षात जणू त्याची उंची १० सेंटीमीटरांनी घटली! शिवाय बारीक भाग आधी वाळतो आणि जाड भाग मागाहून. त्यामुळे दोहोंच्या सांध्यावर तडा जातो. शाडू आकार ठरविण्याच्या सरावास उत्तम; मात्र तिचा बारीक हात टिकत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालविले की थोड्याच वेळात घट्ट होते आणि मातीप्रमाणे आकसत नाही. साच्यात ओतून एकसारखे अनेक नग काढावयाचे असतील, तर ते सोयीचे. गलबतावरील पिंपे त्याची करावीत. नांगराचे आकडे करू नयेत, कारण बारीक प्लास्टर जराशा धक्क्याने मोडते.

मेणावर नाजूक रेषाही स्पष्ट उमटते. म्हणूनच धातूच्या मूर्ती ओतण्यासाठी आधी मेणाची मूर्ती करण्याची रीत आपल्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. परंतु मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सियस उष्णतेस वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. उन्हात ठेवलेला मेणाचा तांडेल संध्याकाळपर्यंत वाकून जाईल!

लाकूड आकसण्याची भीती कमी. बारीक धाग्याचे लाकूड वल्ह्यांस व डोलकाठीस योग्य. मात्र धागा भागाच्या लांबीच्या दिशेने हवा. तो आडवा आला, तर वल्हे हातातच तुटते.

अलीकडच्या काळात एपॉक्सी पुट्टी वापरतात. गळके नळ बुजविण्यासाठी ती मिळते. तिचे दोन भाग, बहुधा समप्रमाणात, रंग एकजीव होईपर्यंत मळावे लागतात. ती पाणी उडून वाळत नाही. दोन द्रव्यांच्या रासायनिक क्रियेने कठीण होते. म्हणून ती जवळजवळ आकसत नाही. कठीण झाल्यावर तिला कानशीने घासता येते, छिद्रही पाडता येते. मात्र मळल्यावर तिला आकार देण्यास वेळ थोडाच मिळतो. ती उघड्या त्वचेस अपायकारक ठरू शकते; म्हणून हातमोजे घालावेत, घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

आता तांडेलाकडे वळू. त्याच्यासाठी कोणतेही एकच साहित्य पुरेसे नाही. आधी तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करावा, म्हणजे सुकाणू धरलेला हात मोडणार नाही. त्यावर पुट्टीचा पातळ थर देऊन अंगकाठी घडवावी. तो थर कठीण झाल्यावरच दुसरा थर चढवून मुंडासे, चेहरा आणि वस्त्रांच्या चुण्या कोराव्यात. घाईने दोन्ही थर एकदम दिले, तर चेहरा घडविताना धड चेपते. नांगर तर नुसत्या तारेचाच करावा. त्याला ताण सोसावयाचा असतो, शोभा नव्हे.

याची पारख सहज करता येते. शाडू, प्लास्टर आणि लाकूड यांच्या दोन मिलिमीटर जाडीच्या काड्या तयार कराव्यात आणि पुरत्या वाळल्यावर हलकेच वाकवून पाहाव्यात. कोणती आधी मोडते, कोणती लवते, हे डोळ्यांना दिसेल. कोणतेही साहित्य मुळात चांगले वा वाईट नसते. ज्याचा गुण ज्या कामास जुळतो, ते त्या कामापुरते उत्तम. हा मेळ ज्याला साधला, त्याच्या गलबतावरील इवला तांडेल वर्षानुवर्षे सुकाणू धरून ताठ उभा राहतो.