छोट्या ट्रेकची सॅक : हलकी हवी, पण किती हलकी?

पाऊस सुरू झाला, की मित्रमंडळींच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘‘या रविवारी कुठे?’’ मग बुटांवर चर्चा होते, रेनकोटवर होते, कोण काय खायला आणणार यावर तर तासभर होते. सॅकचा विषय मात्र कुणी काढत नाही. ऑफिसची लॅपटॉप बॅग आहेच की घरात, नाहीतर मुलांची मागच्या वर्षीची शाळेची बॅग. एक दिवसाचा तर प्रश्न, कोण नवीन घेत बसणार?

सपाट वाटेवर हा हिशोब चालून जातो. खरी अडचण चढावर होते. नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. हात धरायला कातळात खोबण्या कोरलेल्या आहेत आणि दोन्ही हात त्यातच लागतात. अशा वेळी पाठीवरची बॅग डावी-उजवीकडे झुलली किंवा मागे ओढत राहिली, तर तोल सांभाळणं अवघड होतं. लॅपटॉप बॅगचं नेमकं हेच होतं. तिला छातीचा पट्टा नसतो, सामान पाठीपासून लांब बाहेरच्या कप्प्यात जातं आणि सगळा भार खांद्यांवर येतो. पनवेलजवळचा कलावंतीण असो, कळसूबाईच्या लोखंडी शिड्या असोत किंवा बंगळुरूजवळच्या सावनदुर्गचा गुळगुळीत कातळ, जिथे हात मोकळे हवेत तिथे सॅक अंगाला चिकटलेलीच हवी.

आधी सामान, मग सॅक

बहुतेकजण आधी सॅक घेतात आणि मग तिच्यात काय मावेल ते भरतात. याच्या उलट करा. एक दिवसाच्या ट्रेकचं सगळं सामान घरी चटईवर मांडा आणि वजन करा. पाणी ३ लिटर, म्हणजे तिथेच ३ किलो झाले. डबा आणि सुका खाऊ अर्धा किलो. रेनकोट किंवा विंडचीटर, कपड्यांचा एक जोड, टॉर्च, प्रथमोपचाराचं पाकीट, पॉवर बँक हे सगळं मिळून आणखी सव्वा ते दीड किलो. एकूण पाच किलोच्या आसपास. यात सगळ्यात जड पाणी आहे आणि त्यात काटकसर करायची नाही, विशेषतः मार्च-एप्रिलच्या उन्हात. म्हणूनच वजन वाचवायचं तर ते रिकाम्या सॅकमध्ये आणि ‘असू दे बरोबर’ म्हणून घेतलेल्या वस्तूंमध्ये वाचतं.

एवढ्या सामानाला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. गडावर मुक्काम असेल, स्लीपिंग बॅग न्यायची असेल तर ३५ ते ४०. ‘मोठी घेऊ, दोन्हीकडे चालेल’ हा विचार दुकानात फार शहाणपणाचा वाटतो, पण मोठी सॅक कपाटासारखीच असते. जागा दिसली, की ती भरते. आणि अर्धी रिकामी राहिली, तर आतलं सामान चालताना खालीवर आदळत राहतं.

आता मुख्य मुद्दा, हलकी म्हणजे किती? २०-२५ लिटरच्या सॅकचं स्वतःचं वजन साधारण ४०० ग्रॅमपासून एक किलोपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. घडी घालून मुठीत मावणाऱ्या सॅकही मिळतात, त्या २०० ग्रॅमपेक्षाही कमी भरतात. विमानप्रवासाला, बाजारहाटाला त्या उत्तम, पण त्यांच्या पाठीला गादी नसते. डब्याचा कोपरा दिवसभर मणक्यात टोचत राहतो आणि करवंदीच्या जाळीतून एकदा घासून गेलं, की कापड उसवलंच म्हणून समजा. सह्याद्रीतल्या काटेरी वाटांसाठी माझी पसंती मधल्या गटाला आहे. ६०० ते ८०० ग्रॅम वजनाची, पाठीला पातळ पण ताठ गादी असलेली.

कापडाच्या माहितीत ‘२१० डी’, ‘४२० डी’, ‘६०० डी’ असे आकडे दिसतात. हे डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड आणि सॅक जड. पण फक्त आकड्यावर जाऊ नका. त्याच आकड्याचं नायलॉन सहसा पॉलिएस्टरपेक्षा जास्त घासणं सोसतं. बारीक चौकटींची वीण असलेलं ‘रिपस्टॉप’ कापड फाटलं तरी फाट पुढे पसरत नाही.

पाठीचं माप घ्या

ब्लाऊज किंवा शर्ट शिवताना आपण मापं देतो, सॅक मात्र नुसती रंग बघून घेतो. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. शिलाईची टेप घेऊन घरातल्या कुणालाही दोन मिनिटांत मोजता येते. उंची आणि पाठीची लांबी यांचा थेट संबंध नसतो. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते.

महिलांची पाठ अनेकदा आखूड आणि खांदे अरुंद असतात. त्यामुळे सर्वसाधारण सॅकचे पट्टे बाहेर घसरतात किंवा छातीवर दाबतात. महिलांसाठी बनवलेल्या चांगल्या सॅकचे पट्टे वळणदार असतात. नुसत्या गुलाबी रंगाला ‘लेडीज सॅक’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं.

कमरपट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर बसायला हवा. पाच-सहा किलोपर्यंत साधा पातळ पट्टा चालतो, कारण त्याचं काम फक्त सॅक झुलू न देणं एवढंच असतं. वजन त्याहून वाढलं तर गादीचा पट्टा हवा, म्हणजे खांद्यांवरचा भार कंबरेवर उतरतो.

दुकानात सॅक रिकामी घालून आरशात बघण्यात काहीच अर्थ नाही. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या भरा, पट्टे आवळा, हात वर करा, वाका, मान मागे टाकून वर बघा. ऑनलाइन मागवली असेल तर लेबल न काढता घरात पाच किलो तांदळाची पिशवी आत ठेवा आणि अर्धा तास जिना चढउतार करा. घरचे हसतील, हसू द्या. आणि खांद्याचे पट्टे सॅकला जिथे जोडलेत तिथली शिलाई ओढून बघा. स्वस्त सॅक बहुतेक तिथेच दगा देते.

दोर लावून कातळ चढायचा असेल तर

क्लाइंबिंगची सॅक आणखी वेगळी. ती अरुंद आणि साधी हवी, बाहेर लोंबणारं काही नको. तिचा माथा डोक्याच्या वर गेला, तर हेल्मेट घालून वर बघताच येत नाही. कंबरेला हार्नेस असतो, त्यामुळे कमरपट्टा काढून ठेवता येणारा असावा.

बाजूच्या जाळीच्या कप्प्यातली बाटली हा तर ट्रेकमधला दुर्लक्षित धोका आहे. वाकताना ती निसटते आणि उभ्या पायऱ्यांवर तुमच्यामागून येणाऱ्याच्या डोक्यावर जाते. कातळटप्पा आला, की बाटली, मग, चपला सगळं आत टाका. शिवाय अनेक गडांवर माकडांना बाहेरच्या कप्प्यातला खाऊ बरोबर कळतो.

पावसात रेनकव्हरवर फार भिस्त ठेवू नका. पाठ आणि सॅक यांच्या मधून ओघळणारं पाणी ते अडवत नाही. सॅकच्या आत कचऱ्याची नवी जाड पिशवी घाला, सामान त्यात भरा आणि तोंड पिळून बंद करा. दहा-वीस रुपयांत काम होतं.

मुलं बरोबर असतील तर त्यांची सॅक त्यांनाच द्या, पण मोजून. २०२० च्या स्कूल बॅग धोरणानं मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही दप्तराची मर्यादा सांगितली आहे. डोंगरातही तीच धरा. ३० किलोच्या मुलाला ३ किलो, त्यात त्याचं पाणी आलं.

महागड्या सॅकच्या जाहिराती बघून दडपण येत असेल, तर अमेरिकेतल्या एमा गेटवूड यांची गोष्ट ऐका. ११ मुलांची ही आई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ३ हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेचियन ट्रेल एकटी चालून गेली. सामान होतं स्वतः शिवलेल्या डेनिमच्या झोळीत, पावसासाठी बाथरूमचा पडदा. ती झोळी कुणी वापरावी असं मी म्हणणार नाही, पण तिच्यात किती कमी सामान होतं ते बघण्यासारखं आहे.

ट्रेकहून आल्यावर सॅक पूर्ण रिकामी करा, उलटी झटका, ओल्या फडक्यानं चिखल पुसा आणि सावलीत टांगून वाळवा. वॉशिंग मशीन नको. दमट सॅक तशीच माळ्यावर टाकली, तर आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सोलायला लागतो आणि पुढच्या जूनमध्ये दुकानाची पायरी पुन्हा चढावी लागते.