डॉल्फिन पाहावयास जाताना

देवमासा हे नाव आपण पुष्कळदा ऐकले आहे. नावात मासा आहे, पण तो मासा नव्हे. गाई-म्हशींसारखा तो पिलाला दूध पाजतो. आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. त्यासाठी त्याला पाण्यावर यावे लागते. निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत वाढतो. दोन एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तरी तो त्यांहून लांब भरेल.

आपल्या कोकणच्या समुद्रातही तो क्वचित येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले होते. गावकऱ्यांनी आणि सरकारी माणसांनी त्याला पाण्यात ढकलण्याची शिकस्त केली. पण ते जगले नाही.

कोकणात होडीवाले लोकांना दाखवतात, तो मात्र डॉल्फिन. हा देवमाशाच्याच कुळातला, पण लहान. आठ-नऊ फूट लांब. देवमासा पाहण्यासाठी म्हणून लोक श्रीलंकेत मिरिसा गावी जातात. तेव्हा कोकणात कोणी “चला, देवमासा दाखवतो” म्हणाला, तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

हे सारे आळंदीच्या माणसाला कशाला, असे कोणी म्हणेल. पण आता काळ बदलला आहे. चाकणच्या कारखान्यांत कामाला असलेली मुले सुट्टी धरून आईबापांना कोकण दाखवतात. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तेथून पुढे दापोली. दापोलीजवळ हर्णै आणि मुरूड ही गावे आहेत. महर्षी कर्वे यांचे बालपण याच मुरूडात गेले. सकाळी येथून डॉल्फिन पाहण्यासाठी होड्या सुटतात. खाली मालवण, तारकर्ली, देवबाग येथेही सुटतात.

जावे केव्हा? कार्तिकी वारी आटोपली, पाहुणे गेले, की आळंदीकर जरा मोकळे होतात. तोच काळ चांगला. थंडीत समुद्र शांत असतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत समुद्र खवळलेला असतो. तेव्हा या होड्या बंद ठेवतात. त्या दिवसांत कोणी चोरून नेतो म्हणाला, तरी जाऊ नये. वेळ सकाळची धरावी. दुपारनंतर वारा वाढतो आणि लाटा उठतात.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी. एकादशी असेल, तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे त्या दिवशी सव्वाआठच्या सुमारास भरती पूर्ण होते. हा अदमास आहे. थोडे मागेपुढे होते. पण एकादशी धरणाऱ्या माणसाला तिथी तोंडपाठ असते, म्हणून सांगितले. ओहोटीला काही ठिकाणी होडी लांब उभी राहते. गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी भरतीची वेळ साधावी.

आता मुख्य गोष्ट, होडी निवडण्याची. बहुतेक मंडळी किनाऱ्यावर गेल्यावर दोनच गोष्टी विचारतात. पैसे किती, आणि डॉल्फिन नक्की दिसतील का? आम्हांला विचाराल, तर हे प्रश्न मागाहूनचे. आधी लाइफ जॅकेट मागावे. पाण्यात माणसाला तरंगत ठेवणारे हे जाकीट असते. माणशी एक आहे का, ते मोजावे. पट्टे तुटलेले नाहीत ना, ते ओढून पाहावे. पोरांसाठी लहान मापाचे मागावे. मोठ्या मापाच्या जाकिटातून पोर खाली निसटते. मग होडीवर नंबर आहे का आणि किती माणसे बसवायची परवानगी आहे, ते पाहावे. अक्षरे वाचता येऊ लागली आहेत, तर ती येथे वाचावीत. आकडा 10 चा असेल आणि माणसे 14 बसली असतील, तर आपण उतरावे. शेजारचे हसले तर हसू द्यावे.

जास्त भाराने काय होते, ते आपल्या इंद्रायणीने दाखवले आहे. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला. 4 माणसे गेली. समुद्रावरही असेच घडले आहे. 24 मे 2022 रोजी, हंगामाच्या अगदी अखेरीस, तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली. 2 माणसे दगावली. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या होडीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यात 15 माणसे गेली. टक्कर काही उतारूंच्या हाती नव्हती. पण परवानगी 84 उतारूंची, आणि होडीत शंभरावर माणसे होती. त्यानंतर गेटवेच्या होड्यांवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले.

“आमचा पोरगा इंद्रायणीत पोहतो, त्याला जाकीट कशाला?” असे काही जण म्हणतात. नदीला दोन काठ असतात. दमला तर पोरगा काठ धरतो. समुद्रात धरायला काही नसते.

होडी चालवतो त्याला तांडेल म्हणतात. तो “आज वारा आहे, नेत नाही” म्हणाला, तर त्याचे ऐकावे. “दादा, एवढ्या लांबून आलोय, न्या की!” अशी गळ घालू नये. नाही म्हणणारा तांडेल आपली कमाई सोडत असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याच होडीत बसावे.

आदल्या रात्री तळलेले, तिखट खाऊ नये. सकाळी भाकरीचा तुकडा किंवा दोन बिस्किटे पुरे. अगदी उपाशीही जाऊ नये, त्यानेही मळमळते. ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना बोटही लागते. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती निघण्यापूर्वी तासभर घ्यावी लागते. होडीत मधोमध बसावे आणि लांब क्षितिजाकडे पाहावे. खाली मान घालून फोन पाहिला, की उलटी झालीच. गरोदर बाईने होडीत बसू नये. कासोट्याचे लुगडे चढउतारासाठी सोयीचे. पाचवारी साडी असेल, तर नीट खोचून घ्यावी. चपला हातात घ्याव्यात. डोक्याला रुमाल, बरोबर पिण्याचे पाणी आणि फोनला प्लॅस्टिकची पिशवी असावी. समुद्रात संकट आले, तर तटरक्षक दलाचा नंबर 1554 आहे. तो आधीच लिहून ठेवावा.

डॉल्फिन दिसला, की सगळे एकदम एका बाजूला धावतात. होडी उलटण्याचे हे एक मोठे कारण आहे. बसल्या जागेवरूनच पाहावे. करडी पाठ पाण्यावर येते, फुस्स असा श्वास ऐकू येतो, आणि पाठ पुन्हा आत जाते. पुढे थोडा वेळ काही दिसत नाही, मग भलतीकडेच वर येते.

“पाठीमागे घ्या, अजून जवळ घ्या,” असे तांडेलाला सांगू नये. होडीचे पाते लागून डॉल्फिनला जखम होते. माय आणि पिल्लू यांच्यामधून तर होडी कधीच नेऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे. त्याला इजा करणे गुन्हा आहे. इंजीन मंद ठेवून थांबले, तर कधीकधी डॉल्फिन आपणहून जवळ येतात. एखादे दिवशी मुळीच दिसत नाहीत. तसे झाले तर पैसे परत मिळतात की नाही, हे होडीत चढण्यापूर्वी चार माणसांसमोर विचारून घ्यावे.