जोडण्या आणि जोडाक्षरं

२००० सालाच्या आसपास मराठी वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचायचं, तर आपल्यासमोर कोणता ब्राउझर आहे हे आधी पाहावं लागे. बहुतेक वर्तमानपत्रांचा फाँट ज्याचा त्याचा वेगळा असे. देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवून तो तयार केलेला असे. फाँट संगणकावर नसला की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि चलनचिन्हं यांची न वाचता येणारी रांग दिसे. फाँट उतरवून विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकणं हा उपाय होता, पण सायबर कॅफेत बसलेल्याला तशी मुभा क्वचितच मिळे.

यावर तोडगा निघाला होता तो पानासोबतच फाँट पाठवण्याचा. मात्र १९९७ मध्ये आलेल्या दोन ब्राउझरांनी, नेटस्केप नॅव्हिगेटर ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ यांनी, त्यासाठी दोन वेगळे साचे स्वीकारले. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचा पीएफआर घेतला आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ईओटी आणला. एकाचा साचा दुसऱ्याला कळत नसे, त्यामुळे भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांना एकच फाँट दोनदा तयार करावा लागे. नेटस्केपची पुढची पिढी नव्या पायावर उभी राहिली आणि तिने पीएफआर सोडूनही दिला. अमेरिकेतल्या दोन कंपन्यांच्या ‘ब्राउझर युद्धा’ची झळ मराठी वाचकापर्यंत पोचली ती अशी.

याची मुळं आणखी मागे जातात. नेटस्केपने आपल्या दुसऱ्या आवृत्तीत बाहेरच्या कार्यक्रमांसाठी एक दार उघडलं. त्यातूनच प्लग-इन आली. पीडीएफ वाचायला एक, गाणी ऐकायला दुसरं, हलती चित्रं पाहायला तिसरं. त्याच कामासाठी मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स आणलं. एका ठिकाणचं दुसरीकडे चालत नसे. शिवाय अ‍ॅक्टिव्हएक्सच्या तुकड्याला ‘हो’ म्हटलं की त्याला संगणकावर जवळपास काहीही करता येई. या एका ‘हो’ने पुढे घरोघरी किती नको असलेले टूलबार आणि व्हायरस आणले, हे त्या काळी संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारावं.

युद्ध लवकरच संपलं. विंडोजसोबत फुकट येणाऱ्या ब्राउझरपुढे नेटस्केप टिकला नाही. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, पण त्याच वर्षाअखेर नेटस्केपने स्वतःला एओएल कंपनीच्या हवाली केलं. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधली बरीच वर्षं बहुतेक जग या एका ब्राउझरमध्ये बसून होतं, आणि प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून त्याच्या मालकांनी जवळपास हात आखडता घेतला होता. माझ्या मते ब्राउझरांच्या इतिहासातला हा सर्वांत वाया गेलेला काळ.

तरी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. युनिकोडमधली मराठी सर्वांत आधी नीट दिसली ती याच एक्सप्लोररमध्ये. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आणि जोडाक्षरं बसवणारी यंत्रणा आली होती. एक्सपीवर तीच सोय मूळ सीडी शोधून, रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी बसवावी लागे. पण एकदा बसवली की ‘स्थिती’ची वेलांटी जागेवर येई. टंकलेखनासाठी गमभनसारखी साधनं जावास्क्रिप्टवर चालत. पानावरच्या चौकटीत रोमन कळा दाबल्या की देवनागरी उमटे, वेगळं प्लग-इन लागत नसे. मराठी लोक इंटरनेटवर भरभरून लिहू लागले त्यात या साध्या युक्तीचा वाटा फार मोठा आहे.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या कोडमधून उभ्या राहिलेल्या प्रकल्पाचं हे फळ होतं. टॅब होते, उसळून येणाऱ्या जाहिराती अडत होत्या, पण त्याचं खरं बळ होतं एक्स्टेंशनमध्ये. ब्राउझरची मेन्यू, बटणं, टॅबची वागणूक, पानातला मजकूर, सगळं बाहेरच्या माणसाला बदलता येत होतं. अ‍ॅडब्लॉक प्लसने जाहिराती काढल्या, ग्रीझमंकीने दुसऱ्याच्या संकेतस्थळाची मांडणी आपल्या सोयीने बदलू दिली, फायरबगने वेबपानं घडवणाऱ्यांचं काम सोपं केलं.

यातच ‘पद्म’ नावाचं एक्स्टेंशन होतं. मुळात तेलुगूसाठी लिहिलेलं आणि नंतर इतर भारतीय लिप्यांपर्यंत वाढलेलं. वर्तमानपत्रांच्या स्वतंत्र फाँटमधला मजकूर ते वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलत असे. वर्तमानपत्राची परवानगी नको, ब्राउझर बनवणाऱ्याची कृपा नको. वाचकानेच वाचकासाठी केलेला इलाज. मला एक्स्टेंशनची सगळी कल्पना या एका उदाहरणात दिसते.

आणि तरीही त्याच फायरफॉक्समध्ये देवनागरीचे हाल होत. दोन्ही समास सरळ करण्यासाठी मजकूर जस्टिफाय केलेला असला, की दुसऱ्या आवृत्तीपर्यंत अक्षरं विस्कटत. वेलांट्या आणि काने व्यंजनापासून सुटून पडत. ज्याला फायरफॉक्स मनापासून आवडे तोही मराठी लेख वाचायला गपचूप एक्सप्लोरर उघडी. जून २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत हा दोष गेला.

फोनवरची गोष्ट वेगळी होती. साध्या नोकियावर देवनागरी फाँट नसला तर नुसते चौकोन दिसत. तिथे ऑपेरा मिनी उपयोगी पडला. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचं आणि अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याची सोय चालू करायची. मग ऑपेराचा सर्व्हर मजकुराची चित्रं करून पाठवी. अक्षरं जरा धूसर असत, पण वाचता येत.

फायरफॉक्सने आपल्या चाहत्यांनाही कमी छळलं नाही. एक्स्टेंशन वाढली की मेमरी खाल्ली जाई, दिवसभर उघडा ठेवला तर संध्याकाळी संगणक रांगू लागे. नवी आवृत्ती घेतली की ‘हे अ‍ॅड-ऑन या आवृत्तीशी सुसंगत नाही’ ही पाटी ठरलेली. २०११ मध्ये दर सहा आठवड्यांनी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा ही डोकेदुखी आणखी वाढली. दरम्यान २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला होता. त्याने एकेक टॅब वेगळ्या प्रक्रियेत चालवला, त्यामुळे एक पान अडकलं तरी बाकीची चालू राहत. त्याचा वेग पाहून लोक निघून गेले, आणि त्यांना दोष देता येत नाही.

प्लग-इनचा शेवट मात्र फोनने केला. २००७ च्या आयफोनवर फ्लॅश हे प्लग-इन नव्हतं, आणि ते का नाही हे स्टीव्ह जॉब्ज यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या धाटणीच्या प्लग-इनना दार बंद केलं. डिजिटल सहीसाठी जावा लागणाऱ्या कामांकरता कचेऱ्यांमध्ये जुना ब्राउझर मुद्दाम जपून ठेवावा लागला. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपला. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झालं. फ्लॅशमधले खेळ आणि अ‍ॅनिमेशनपट गेल्याचं दुःख मात्र खरं आहे. रफल नावाचा खुला प्रकल्प त्यातलं बरंच पुन्हा चालवून दाखवतो, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

१४ नोव्हेंबर २०१७ ला आलेल्या फायरफॉक्स ५७ ने जुनी सगळी एक्स्टेंशन एका फटक्यात बंद केली. कारणं समजण्यासारखी होती. वेग आणि सुरक्षितता हवी, तर प्रत्येकाला ब्राउझरच्या आतड्यांत हात घालू देता येत नाही. नवी पद्धत बरीचशी क्रोमसारखी होती. ज्यांना ती पुरली त्यांनी पुन्हा लिहिलं, बाकीची कायमची गेली. पुढे ४ मे २०१९ ला एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन अचानक बंद पडली. तेव्हा कळलं की आपल्या संगणकावरच्या गोष्टीची किल्लीही आता दुसरीकडे असते.

क्रोम याच वाटेने पुष्कळ पुढे गेला. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमांत कोणती विनंती अडवायची हे एक्स्टेंशनने त्या क्षणी ठरवायचं नसतं, आधी यादी ब्राउझरला द्यायची आणि बाकी ब्राउझरने पाहायचं. त्यामुळे २०२४-२५ मध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन क्रोममधून गेलं, त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. गूगल सुरक्षिततेचं कारण देतं. पण गूगलचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं आहे, आणि जाहिराती अडवणारं सर्वांत समर्थ साधन त्याच्याच ब्राउझरमध्ये बंद पडलं आहे. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

मराठी वाचकाच्या जुन्या तक्रारी मात्र खरोखर मिटल्या. जोडाक्षरं बसवण्यासाठी क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही आज हार्फबझ हीच खुली लायब्ररी वापरतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे फाँट कोणालाही फुकट वापरता येतात. मराठी वाचण्यासाठी ब्राउझर बदलावा लागत नाही. त्याच काळात निवडीला उरलेले ब्राउझर मात्र आतून एकसारखे झाले. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमचं घेतलं, जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेही तेच केलं, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. अ‍ॅपलचा सफारी सोडला तर वेगळ्या इंजिनाचा ठळक ब्राउझर फायरफॉक्सच. यूब्लॉक ओरिजिन तिथे अजून पूर्ण ताकदीने चालतं, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगल सर्च ठेवण्याच्या करारातून येतो.