पंचगंगेतील केंदाळ आणि वाढीची मर्यादा

पावसाळा सरून बंधाऱ्यांना बरगे घातले आणि पंचगंगेचे पाणी तुंबले, की काठाकाठाने हिरवे पुंजके दिसू लागतात. उन्हाळ्यापर्यंत कित्येकदा तेरवाड ते शिरोळ या टापूत नदी आहे की कुरण, असा प्रश्न पडतो. आपण याला केंदाळ म्हणतो. ग्रंथांतरी त्याचे नाव जलपर्णी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसानेच ती देशोदेशी नेली.

अनुकूल परिस्थितीत केंदाळ सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. दिवाळीस एकच रोप धरले, तरी मृगापर्यंत चौदा वेळा दुप्पट होऊन सोळा हजारांवर रोपे होतील! परंतु सृष्टीत असा हिशेब फार काळ चालत नाही. व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणित्याने १८३८ मध्ये दाखविले, की संख्या प्रथम झपाट्याने वाढते, पण जागा व अन्न अपुरे पडू लागताच वाढ मंदावून अखेर थांबते. ती कोठे थांबेल, हे सर्वांत तुटपुंज्या गोष्टीवर ठरते. पाणी भरपूर, पण खत नाही, अशा रानात ऊस कसा येतो, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

केंदाळालाही तीन लगाम होते. स्वच्छ पाण्यात नत्र व स्फुरद थोडे; वाहता प्रवाह रोपांना ठरू देत नाही; आणि मायदेशी तिला खाणारे भुंगेरे असतात. भुंगेरे मागेच राहिले. प्रवाह आपण अडविला. उरला अन्नाचा लगाम. तोही कोल्हापूर-इचलकरंजीचे सांडपाणी, गावोगावची गटारे आणि उसाच्या रानातून निचरणारी खते यांनी सैल केला.

मग एकाची वाढ ही दुसऱ्यांची मर्यादा होते. हिरव्या छताखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील शेवाळ प्राणवायू देईनासे होते. कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू ओढून घेतो. मासे तोंड वर काढून तडफडतात आणि मरतात.

२०१९ व २०२१ चे महापूर आपण पाहिले. पूर केंदाळ वाहून नेतो, त्याचे कारण नेत नाही. गाळातले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. नावा व यंत्रे लावून निम्मे काढले, तर उरलेले निम्मे दोन आठवड्यांत ती जागा भरून काढते. काढलेला ढीग काठावरच कुजला, तर त्यातील खत पुन्हा नदीतच उतरते. म्हणून केंदाळ काढावे, दूर नेऊन त्याचे खत करावे. पण खरा उपाय सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हा होय.

आपण शिरोळकर नदीच्या खालच्या अंगाचे. वरच्या अंगाने काय सोडले, याचा जाब विचारण्याचा आपणांस हक्क आहे. मात्र आपल्याही खाली नरसोबावाडीचा संगम आहे, हे विचारताना विसरता कामा नये.